गळा संपला की थांबावं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

इंग्लंडचे लोकगायक आणि गिटारवादक मार्टिन कार्थी यांच्या नव्या अल्बमवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण पहिल्या रात्री जे लिहिलं होतं ते वडीलधाऱ्या माणसाला पाठवण्यासारखं नव्हतं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा आशय देते. 84 व्या वर्षी कार्थींचा गळा गेलेला आहे आणि मी वय बघून कौतुक केलं. अल्बममध्ये सतार उगाच घुसडली आहे. अमेरिकन गायक बॉब डिलन लंडनला आल्याचं साल माझ्या लेखात चुकलं आहे. मर्क्युरी या ब्रिटनमधल्या अल्बमच्या पारितोषिकाच्या यादीत नाव येणं म्हणजे म्हाताऱ्याला शाल-श्रीफळ. इंदूरला बसून इंग्रजांच्या लोकगीतांवर लिहायचं कारण काय? कुमारजींना, म्हणजे कुमार गंधर्वांना, कृपा करून मध्ये आणू नये. आणि शेवटी हे वाक्य : "गळा संपला की थांबावं, एवढी लाज कलाकाराला हवी, त्याला नसेल तर लिहिणाऱ्याने तरी भाबडेपणा करू नये, बाळ."

सालाचं तुमचं बरोबर आहे. डिलन लंडनला आला तो 1962 च्या डिसेंबरात. कार्थींकडून शिकलेलं त्याच्या 1963 च्या अल्बममध्ये उतरलं, ते साल माझ्या डोक्यात होतं. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ते शेवटचं वाक्य. मी 46 वर्षांची आहे, काका. गेली बावीस वर्षं गिटार वाजवते, त्यातली चौदा शिकवते. 'बाळ' हा शब्द घरात कुणी मायेनं म्हटला तर मी आजही ओ देईन, पण वाद घालताना समोरच्याला खाली बसवण्यासाठी तो वापरला की त्यात माया उरत नाही. माझं मत चुकलं असेल तर कुठे चुकलं ते सांगा. अल्बममधल्या एकाही गाण्याचं नाव तुमच्या प्रतिक्रियेत नाही. ऐकलात ना पूर्ण?

आणि 'लाज'! 1965 साली, चोविशीच्या आसपास, ज्यानं पहिला अल्बम केला, तो माणूस त्याच अल्बममधली बरीच गाणी साठ वर्षांनी पुन्हा गातो, आणि आपल्या 84 व्या वाढदिवशी, 21 मे 2025 ला, ती लोकांपुढे ठेवतो. त्याआधीची एकवीस वर्षं त्यानं एकल अल्बम केला नव्हता. 2022 मध्ये बायको नॉर्मा वॉटरसन गेली, तीही केवढी मोठी गायिका. त्या घरातून आलेल्या गाण्याला तुम्ही लाज शिकवणार? हा शब्द तुम्ही मागे घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

गळा बदललाय, हे मी लेखातच लिहिलं होतं. आवाज बारीक झाला आहे, ओळीच्या शेवटी श्वास अपुरा पडतो. पण गिटार काय करते ते ऐका. कार्थी तारा नेहमीसारख्या लावत नाहीत. सगळ्यात जाड तारेपासून त्यांचं लावणं असं : सी, जी, सी, डी, जी, ए. सी हा षड्ज धरला तर सा, प, सा, रे, प, ध. यात गंधार नाही, काका. शुद्ध नाही, कोमलही नाही. मोकळ्या तारा नुसत्या छेडल्या तर गाणं कुठल्या रंगाचं आहे ते कळत नाही, ते गळ्यानं सांगायचं. मी स्वतः पहिल्यांदा असं लावून बघितलं तेव्हा सगळ्यात जाड तार इतकी सैल झाली की पट्टीवर आपटून खडखडायला लागली. तिच्या जागी आणखी जाड तार घातली तेव्हा कुठे तिला ताण आला, आणि अंगठा तिच्यावर ठोक्यासारखा पडायला लागला. वर उरलेली बोटं गाण्याचीच चाल वाजवतात, साथीचे सूर धरून बसत नाहीत. म्हणून आवाज जिथे थांबतो तिथे ओळ तुटत नाही. ती तारेवर पूर्ण होते. तुम्हाला जिथे गळा संपलेला दिसला, तिथे मला गाणं पुढे चाललेलं ऐकू आलं.

हे मी पुस्तकातून उचललेलं नाही. माझी आजी इथल्याच मल्हारगंजातल्या वाड्यात वाढली. आमच्या घरी भोंडला व्हायचाच, पण शेजारच्या माळवी मुलींबरोबर पितृपक्षात ती भिंतीवर शेणाची संजा घालायची आणि संजाची गाणीही म्हणायची. 2016 मध्ये, ती 81 वर्षांची असताना, मी ती गाणी फोनवर रेकॉर्ड केली. ओट्यावर बसून सुपात गहू निवडत म्हणत होती. दात नव्हते, दम नव्हता. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द ती सोडून द्यायची आणि माझ्या दोघी चुलतबहिणी तो भरायच्या. दुसऱ्या कडव्यानंतर तर ती मुद्दाम थांबायला लागली, मुलींना शब्द येतो का ते बघायला. ती गाणी आज आमच्या घरात आहेत ती त्या अर्धवट ओळींमुळे. तिला कुणी "आता थांबा" म्हटलं असतं तर?

कुमारजींना आणू नका म्हणता. का नको? देवास आपल्यापासून तासाभरावर. 1948 मध्ये क्षयानं आजारी पडून ते तिथे आले, अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, आणि एका फुफ्फुसाच्या श्वासाला झेपेल अशी गायकी उभी केली. उदाहरण माझ्या बाजूचं आहे म्हणून तुम्ही आधीच दार लावून घेतलंत.

सतारीबद्दल एवढंच, की ती वाजवणाऱ्या शीमा मुखर्जी सतारवादक निखिल बॅनर्जींच्या भाची आणि शिष्या आहेत, कार्थींबरोबर 'द इमॅजिन्ड व्हिलेज' या गटात त्यांनी पूर्वीही वाजवलं आहे, आणि गंधार नसलेल्या त्या गिटारीशेजारी सतार परकी वाटत नाही. पारितोषिकाच्या मुद्द्याला उत्तर देत नाही. इंदूरचा मुद्दा तर सोडूनच द्या. इथे गजल ऐकणाऱ्याला कुणी विचारत नाही की तू इराणचा का.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त एक करा. अल्बममधलं 'स्कारबरो फेअर' हे जुनं इंग्लिश लोकगीत लावा. अमेरिकन गायक पॉल सायमननं हे गाणं कार्थींकडूनच ऐकून घेतलं, 1966 मध्ये ते जगभर गेलं आणि सायमनच्या त्या अल्बमवर कार्थींचं नाव नव्हतं. 2000 साली सायमननं त्यांना लंडनच्या मंचावर बोलावलं आणि दोघांनी ते एकत्र म्हटलं. आता तेच गाणं 84 व्या वर्षी, सतारीबरोबर. हेडफोन लावून, पहिल्या कडव्याच्या शेवटच्या ओळीपाशी गिटारीकडे कान द्या. मग कुठल्या सुरावर तुमचा आक्षेप आहे ते कडव्यासकट लिहा. त्याला मी नक्की उत्तर देईन.