फुलोरीचं खरं, सातेरीचं तसं नाही
साथिणींना फुलांचा पत्ता सांगायला मधमाशी पोळ्यावर नाचते. नाचताना ती फुलांकडे तोंड करते, असं या नाचावरच्या एका लेखात म्हटलंय. ते फुलोरी या लहान, उघड्यावर पोळं बांधणाऱ्या माशीला लागू पडतं. ती पोळ्याच्या सपाट माथ्यावर, उघड्या आभाळाखाली नाचते. सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात ती देशी मधमाशी, मात्र अंधाऱ्या पेटीत, उभ्या पोळ्यावर नाचते. तिथे ‘वर’ म्हणजे सूर्याची दिशा. पोट थरथरवत ती सरळ रेषेत चालते, मग एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून वळून मूळ जागी येते. ती सरळ रेष उभ्या रेषेच्या उजवीकडे 40 अंश कललेली असेल, तर फुलोरा सूर्याच्या उजवीकडे 40 अंशांवर. अंतर थरथरण्याच्या वेळेवरून कळतं: युरोपियन माशीत सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तेवढ्याच अंतराला सातेरी जास्त वेळ थरथरते, म्हणून तोच हिशेब तिला लावला की उत्तर हमखास चुकतं.

मोजायचं तर काचेची पेटी घ्या, पोळ्याची चौकट उभीच ठेवा आणि लाल उजेड वापरा; लाल रंग माश्यांना दिसत नाही. एकाच फेरीवर विसंबू नका, पाच-सहा फेऱ्यांची सरासरी काढा. आणि सूर्य सरकतो तसा नाचाचा कोनही बदलतो, तेव्हा वेळ टिपायला विसरू नका. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना 1973चं नोबेल मिळालं, त्यात ही नृत्यभाषा उलगडण्याचा वाटा फार मोठा.