कर्मचाऱ्याला आधी कळायला हवे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

सार्वजनिक सेवा देणाऱ्या संस्थेने नियमांतील बदल लोकांना जाहीर करण्यापूर्वी तो आपल्या कर्मचाऱ्यांना समजावून सांगावा आणि अडचणीच्या वेळी त्यांना आधार द्यावा, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपण सविस्तर आणि बरीचशी कडक प्रतिक्रिया पाठवली आहे. आपले आक्षेप थोडक्यात असे: ज्यांची नोकरी कायम आणि पगार ठरलेला, त्यांना निराळ्या आधाराची गरज नाही, ती रांगेत ताटकळणाऱ्या नागरिकाला आहे; परिपत्रकांचा पाऊस आधीच पडत असताना आणखी माहिती कशाला; आणि कर्मचाऱ्यांना असे संरक्षण मिळाले की त्यांना जाब विचारणारे कोणी उरणार नाही. शेवटी, हे सारे करायचेच तर सुरुवात कुठून करावी, असेही आपण विचारले आहे.

पहिल्या आक्षेपाबद्दल एवढेच सांगतो की नोकरीची शाश्वती असली म्हणजे कामाचा ताण नसतो, हे गृहीतक तपासून झालेले आहे आणि ते टिकलेले नाही. ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या आरोग्याचा ‘व्हाइटहॉल’ या नावाने ओळखला जाणारा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्यात खालच्या श्रेणीतील पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीपेक्षा कितीतरी अधिक आढळले, आणि धूम्रपान, रक्तदाब यांसारख्या कारणांनी त्यातील काही भागाचाच उलगडा झाला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १०,३०८ स्त्री-पुरुष कर्मचारी होते. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात असे दिसले की आपल्या कामावर स्वतःचे नियंत्रण कमी असणे आणि हृदयविकाराचा धोका वाढणे यांचा संबंध आहे. ही सर्व माणसे सरकारी कार्यालयांत काम करणारी आणि नियमित पगार घेणारी होती. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला नियम ठरवता येत नाही, अर्जाचा नमुना बदलता येत नाही आणि रांगही कमी करता येत नाही. उद्या काय बदलणार आहे हे आज ठाऊक असणे, इतकेच नियंत्रण त्याच्या वाट्याला येऊ शकते, आणि बहुतेक ठिकाणी तेही येत नाही.

परिपत्रकांविषयी आपण लिहिले आहे ते मला मान्य आहे. किंबहुना त्यांची संख्या कमीच व्हायला हवी. माझी तक्रार त्यांच्या मजकुराविषयी आहे. ‘मूळ आदेशातील परिच्छेद ४ ऐवजी पुढील मजकूर वाचावा’ असे एक वाक्य येते, तेव्हा कर्मचाऱ्याने आधी मूळ आदेश शोधायचा, मग दोन्ही शेजारी ठेवून फरक काढायचा, आणि हे सर्व समोर माणसे उभी असताना. बदल कोणत्या तारखेपासून लागू आहे, आधीच दाखल झालेल्या अर्जांचे काय करायचे, कोणते जुने परिपत्रक रद्द झाले आणि शंका आली तर कोणाला विचारायचे, हे त्यात बहुधा नसते. बदल कशासाठी केला हे तर जवळजवळ कधीच नसते. आणि कारण ठाऊक नसेल तर नियम लिहिणाऱ्याच्या कल्पनेत न आलेले प्रकरण समोर आल्यावर कर्मचारी अडतो. दरम्यान नागरिकाने तीच बातमी सकाळी मोबाइलवर वाचलेली असते.

अशा वेळी माणूस स्वतःचा बचाव करतो. ‘उद्या या’ म्हणतो, दुसऱ्या खिडकीकडे पाठवतो, किंवा पुढे आपल्यावर ठपका येऊ नये म्हणून नियमात नसलेले एखादे जादा कागदपत्र मागतो. यातला तिसरा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्याची नोंद कुठेच चूक म्हणून होत नाही. कागदोपत्री तो दक्ष कर्मचारी ठरतो आणि हेलपाटे नागरिकाच्या पदरी पडतात. आपल्याला ज्या नागरिकाची काळजी वाटते, त्याच्या त्रासाचा मोठा भाग इथे तयार होतो. म्हणूनच नवा नियम लागू झाल्यावर पहिल्या आठवड्यात खिडकीवरून येणाऱ्या शंका मोलाच्या असतात: नियमातली भोके त्यांतूनच कळतात. त्यांची उत्तरे एकाला दूरध्वनीवर न देता सर्वांना लेखी द्यावीत, नाहीतर एकाच कार्यालयात दोन खिडक्यांवर दोन नियम चालू राहतात.

आता जाब विचारण्याचा मुद्दा, जो आपल्या पत्रात सर्वांत वजनदार आहे. आधार दिल्याने चुका झाकल्या जातात, ही शंका स्वाभाविक आहे, पण अनुभव बऱ्याचदा उलट सांगतो. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करून १९९६ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत अधिक चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत नोंदल्या गेलेल्या चुका जास्त निघाल्या. चूक सांगितली तर आपल्यालाच भोवेल अशी भीती नसल्याने तिथले लोक बोलत होते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. अमेरिकेत १९७६ पासून नासा ही संस्था विमान वाहतुकीतील चुका आणि धोक्यांची माहिती गोपनीयपणे गोळा करते. कळवणाऱ्याची ओळख काढून टाकली जाते आणि वेळेत कळवल्यास नियमभंगाच्या दंडापासून त्याला काही प्रमाणात सूट मिळते. मात्र हेतुपुरस्सर केलेले कृत्य, गुन्हा किंवा प्रत्यक्ष अपघात यांना ती लागू होत नाही. मला हवी आहे ती रेषा नेमकी हीच. उपलब्ध सूचनांनुसार, सद्भावनेने घेतलेला आणि कारणासह लिहून ठेवलेला निर्णय पुढे चुकीचा ठरला, तर तो सुधारावा आणि संस्थेने त्याची जबाबदारी घ्यावी. लाच घेणाऱ्याला किंवा जाणूनबुजून अडवणाऱ्याला यातले काहीही लागू होऊ नये. आज अनेक ठिकाणी दोघांनाही एकाच प्रकारची नोटीस जाते, आणि त्यातून प्रामाणिक माणूस एवढेच शिकतो की निर्णय टाळावा.

आधार म्हटले की सुट्टीच्या दिवशी ठेवलेले तणावमुक्तीचे व्याख्यान डोळ्यांसमोर येते, त्याची थट्टा आपण केली आहे ती योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामामुळे येणाऱ्या खचलेपणाचे वर्णन करताना तो कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ चाललेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम असल्याचे म्हटले. तेव्हा उपायही कामाच्या ठिकाणीच करावा लागेल. शिवीगाळ झाली तर खिडकी किती वेळ बंद करता येईल, वरिष्ठाने किती वेळात तिथे यायचे आणि तक्रार कोणी नोंदवायची, हे आधीच ठरलेले असणे मला व्याख्यानापेक्षा उपयोगाचे वाटते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या करार क्रमांक १९० मध्ये कामावरील हिंसा आणि छळाचा विचार करताना बाहेरच्या व्यक्तींकडून होणारा त्रासही धरला आहे, आणि हा करार सार्वजनिक क्षेत्रालाही लागू आहे.

सुरुवातीसाठी मी नवे प्रशिक्षण सुचवणार नाही. मागील महिन्यात त्रुटी दाखवून परत केलेले अर्ज काढावेत, प्रत्येकावरचा शेरा सध्याच्या नियमाशी ताडून पाहावा, आणि ज्या त्रुटीला नियमाचा आधार सापडत नाही ती काढणाऱ्या कर्मचाऱ्याला, नोटीस न देता, ही मागणी कुठून आली ते विचारावे. बहुतेक वेळा उत्तरात एखादे जुने, कधीच रद्द न झालेले परिपत्रक किंवा वरिष्ठांची तोंडी सूचना निघेल. पहिले दुरुस्तीचे काम तिथे आहे, आणि ते कार्यालयप्रमुखाने स्वतः करावे.