मामाचा मळा आठवतो, तर कांद्याची मानही आठवू द्या

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला, रस्त्याच्या कडेला ओतलेल्या सडक्या कांद्याचा. खाली एका गृहस्थांनी लिहिलं, "यांना धड साठवता येत नाही, आणि भाव पडला की रडतात." याच गृहस्थांनी परवा पाडव्याला लहानपणीच्या चैत्रावर भलीमोठी पोस्ट टाकली होती. मामाचा मळा, मोटारीच्या धारेखाली आंघोळ, कैऱ्या, लिंबाखालची झोप. छान होती, मीही बदाम दिला होता.

पण दादा, तुम्ही त्या लिंबाखाली झोपला होतात तेव्हा मोठी माणसं उन्हात काय करत होती?

आमचा मळा नाशिक जिल्ह्यातल्या कळवणकडचा. फाल्गुन सरता सरता गहू निघालेला असायचा, हरभरा खळ्यावर आलेला, आणि उन्हाळ कांद्याची पात आडवी व्हायला लागलेली. निम्म्या पातीनं मान टाकली की कांदा काढणीला आला. त्याआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडायचं. ऐकायला सोपं वाटतं. नेमकं तेव्हाच चणकापूर धरणाच्या कालव्याला आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटतं, शेजारी भरणं चालू असतं, आणि आपल्याही मनात येतं, एक पाणी देऊ, कांदा फुगेल. फुगतोही. पण ते वजन पाण्याचं असतं, आणि पावसाळी हवा लागली की तो कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरात, पाणी सोडायला लागतो.

उपटलेला कांदा ढीग करून टाकायचा नाही. एका ओळीत मांडायचा, आणि पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यांवर येईल अशी पसरायची. कांदा झाकलेला, पात उन्हाला. उघडा राहिला तर चैत्राच्या उन्हात एका बाजूनं भाजतो, तिथे पांढरा मऊ डाग पडतो आणि सड तिथूनच सुरू होते. तीन ते पाच दिवस असं सुकलं की खांडणी. विळ्यानं पात कापताना मान, म्हणजे कांद्यावरचा पातीचा देठ, इंच-दीड इंच ठेवायची. बुडाशी कापलात तर तोंड उघडं राहतं आणि बुरशीला वाट मिळते. खांडणी उक्ती, म्हणजे कामावर ठरवून, दिली की हात भराभर चालतात आणि मान आखूड होते, म्हणून घरचं कोणीतरी बांधावर बसलेलं लागतंच.

आमच्याकडे ती बसणारी आजी. एका संध्याकाळी भरलेली ट्रॉली चाळीच्या तोंडाशी उभी होती. आभाळ भरून आलेलं, गडी घाईला आलेले, आमचे तात्या ओरडत होते, भरा लवकर. आजीनं वरचा एक कांदा उचलला, मान अंगठा आणि बोटात धरून पिळली. मग खालून एक काढला, मधून एक काढला. वाळलेली मान कुरकुरत मिटते. ओली मान आतल्या आत सरकते आणि बोटाला चिकट लागतं. तिनं बोट तात्यांपुढे धरलं. "परत ओता. ओल्या मानेचा शेजाऱ्यालाही घेऊन बसतो." अख्खी ट्रॉली लिंबाखाली परत ओतली गेली. तात्या रात्री जेवले नाहीत.

आणि हे गृहस्थ म्हणतात, साठवता येत नाही!

फोटोतला कांदा कोणता होता, हे तरी विचारलंत का? खरिपाचा लाल कांदा मुळात टिकतच नाही, त्याला काही आठवड्यांत बाजार दाखवावाच लागतो. चाळीत जातो तो उन्हाळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उळं, म्हणजे बी, टाकायचं, डिसेंबर-जानेवारीत लागण, मार्चच्या शेवटापासून काढणी. त्यातलाही सगळा जात नाही. जोडकांदा बाजूला, फुलाचा दांडा आलेला डेंगळा बाजूला, जाड मानेचा बाजूला, गोल्टी, म्हणजे बारका कांदा, वेगळी. शिवाय सावलीत दहा-बारा दिवस आणखी सुकवायचा, वरचं साल रंगावर येऊन मान पूर्ण मिटेपर्यंत.

त्या ट्रॉलीचंच घ्या. तो कांदा खालच्या सखल वाफ्यांतला होता. तिथे पाणी साचून राहायचं, आणि पात पिवळी दिसली म्हणून तात्यांनी लागणीनंतर दोन महिने उलटून गेल्यावर युरिया टाकला होता. उशिरा नत्र दिलं की पात वाढत राहते, मान जाड होते आणि काही केल्या मिटत नाही. आजीनं नुसत्या बोटानं ते ओळखलं. शाळेत ती किती गेली, हा प्रश्न कृपया विचारू नका.

चाळही नुसती छपरी नसते. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, खालून वारा खेळायला हवा. तळाला आणि भिंतींना बांबू, मधे फटी. एकपाखी, म्हणजे एकाच रांगेची, चाळ दक्षिणोत्तर बांधायची म्हणजे पश्चिमेचा वारा लांब बाजूनं आरपार जातो. ढिगाची रुंदी चार फूट, उंची पाच फूट. त्यावर हाव केली की तळचा कांदा वजनानं चेमटतो, मधल्याला हवा लागत नाही. वर नुसता लोखंडी पत्रा असेल तर दुपारी आत भट्टी होते, त्यावर उसाचं पाचट टाकावं लागतं. आणि भरताना कांदा उंचावरून ओतायचा नाही. मार लागलेला कांदा त्या दिवशी दिसत नाही, महिन्यानं दिसतो.

आता मान्य करते. एवढं करूनही चांगल्या चाळीत चार-पाच महिन्यांत पाव हिस्सा घटतो, कधी जास्त. आणि हो, मार्चमध्ये भाव दिसला की कच्चा कांदा उपटणारे, घाईनं ओलाच चाळीत लोटणारे आमच्यातही आहेत.

पण ती घाई येते कुठून, हेही बघा ना. त्याच दिवसांत द्राक्षाची काढणी, मागोमाग खरड छाटणी, मजूर सगळे निफाड-दिंडोरीकडे. रामनवमीपासून सप्तशृंगी गडावर चैत्रोत्सव. खानदेशातून पायी येणाऱ्यांनी नांदुरीचा रस्ता भरून जातो, आमच्याकडच्या बायकाही दोन दिवस देवीला जातात, आणि का जाऊ नये? त्यात अवकाळी. त्यात सरकार. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी केली, ती उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के शुल्क लावून. म्हणजे त्या वर्षीचा जवळजवळ अख्खा चैत्र बंदीत गेला. शेवटचं २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ ला निघालं. चाळ भरावी की विकून मोकळं व्हावं, हे माणसानं कशावर ठरवायचं? मान पिळून सरकार कळत नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या गृहस्थांचा मामाही असाच कोणीतरी असणार, भाच्याला कैऱ्या देऊन पुन्हा उन्हात गेलेला. आम्हा पोरांनाही धारेखाली आंघोळ मिळायची, पण आधी गोल्टी वेचून. पाटी भरली की आजी त्यात हात घालून ढवळायची, एखादा फुटका निघाला की उचलून वासाला धरायची, मग आमच्याही नाकाशी. सडीचा वास डोळ्यांना दिसायच्या आधी येतो, हे आम्हाला तिथे कळलं.

आणि त्या परत ओतलेल्या ट्रॉलीचं पुढे काय झालं, तर आजीनं तो कांदा आठ दिवस सावलीत ठेवून पुन्हा तपासला. मान मिटलेला तेवढा वेगळा काढला, बाकीचा मिळेल त्या भावाला विकायला लावला. भाव पडलेला होता. तात्यांनी हिशोब दाखवला, तिनं ऐकून घेतला. त्या वर्षी चाळ पोळ्यानंतर फोडली, तेव्हा तात्याच लोकांना बोलावून कांदा दाखवत होते.

माझ्या यादीत ज्यांचा कांदा आत्ता शेतात पडलाय त्यांच्यासाठी: दोन दिवसांपासून दुपारनंतर ढग येतायत. प्लास्टिकचा कागद टाकलात तर पाऊस थांबल्याबरोबर काढा, रात्रभर ठेवू नका, आत घाम धरतो. भिजलाच तर लगेच खांडू नका. पातीसकट पातळ पसरून वाऱ्यावर सुकवा, आणि तो कांदा चाळीत घालू नका, कोणी कितीही घाई करो.