दिवाणजी, सकाळी सकाळी?

हळदीचा सीझन ऐन भरात होता. मी मार्केट यार्डात पेढीच्या दारात उभा राहून पोती मोजत होतो. शिवाप्पा हमालाने पाठीवरचं पोतं थप्पीला लावलं, माझ्यासमोर येऊन थांबला, तोंडाकडे निरखून बघितलं, नाक पुढं करून हुंगलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "दिवाणजी, सकाळी सकाळी?"

"काय सकाळी सकाळी?"

"काय न्हाई. आमचं आपलं दिवस बुडल्यावर असतंय." मग परत एकदा हुंगून, "वासबी येत न्हाई. म्हंजे भारीतली असणार."

आता माझं ऐका. वडील माळकरी होते. मी अठ्ठावन्न वर्षांत दारू चाखलेली नाही. खोकल्याच्या बाटलीवर अल्कोहोलचा आकडा वाचून ती दुकानात परत करणारा माणूस आहे मी. पण गेली दोन-अडीच वर्षं माझं नाक, दोन्ही गाल आणि हनुवटी लालभडक असतात. त्यावर बारीक पुटकुळ्या. जवळून बघितलं तर नाकपुडीच्या कडेला केसाएवढ्या रक्तवाहिन्या दिसतात, नकाशात कृष्णेला मिळणाऱ्या ओढ्यांसारख्या. असं तोंड घेऊन गादीवर बसलं की जतकडचा शेतकरी दोन मिनिटं बघतो आणि माल शेजारच्या गाळ्यावर नेतो. "त्या दिवाणजीला आकडे तरी एकेकच दिसत असतील का?" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

त्यात माझं लिव्हरचं दुखणं झालेलं सगळ्या यार्डाला ठाऊक. लिव्हर हा शब्द आपल्याकडे एकटा फिरत नाही, त्याच्या हातात ग्लास असतोच.

त्या दुखण्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९८८ साली हळदीची थप्पी मांडीवर कोसळली, हाड मोडलं, ऑपरेशनच्या वेळी दोन बाटल्या रक्त चढवलं. हिपॅटायटिस सी त्यातूनच आला असावा, असं पोटाच्या डॉक्टरांचं म्हणणं. दोष कुणाला द्यायचा? तो विषाणूच मुळात सापडला १९८९ साली, त्याआधी तपासणार कोण आणि कशाने? तेहतीस वर्षं तो माझ्यात राहिला आणि खतावणीत कुठं नोंद नाही. ताप नाही, कावीळ नाही. अर्थात कावीळ झाली असती तरी कुणाला कळली असती? हळदीच्या दिवाणजीचे हात, नखं, बाह्या, पासबुक, सगळं बारा महिने पिवळंच असतं.

२०२१ साली मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं, भेट म्हणून स्टीलचा चार पुडांचा डबा मिळाला आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, "काका, जरा एकटेच येऊन भेटता का?" डबा अजून आहे. रक्तदान बंद झालं ते कायमचं, कारण विषाणू गेला तरी त्याच्या अँटीबॉडी रक्तात राहतात.

घरात बातमी पोचली ती 'पांढरी कावीळ' म्हणून. सासूबाईंनी तातडीने कावीळ उतरवणारा एक बुवा शोधून काढला. पितळी परातीत चुन्याची निवळी, त्यात रोग्याचे हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली, असा कारभार. मी पेढीवरून तसाच उठून गेलेलो. हात परातीत घातले आणि पाणी लालभडक झालं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे सांगलीत शेंबड्या पोराला माहीत आहे, पण बुवाला नसावं. त्याने मागं सरकून मलाच हात जोडले. म्हणाला, "हे आपल्या आवाक्यातलं न्हाई. मिरजेला न्या."

मिरजेला नेलं. सोफॉस्बुविर आणि वेल्पाटास्विर अशा जोडनावाची गोळी, रोज एक, बारा आठवडे. पूर्वी याच आजाराला इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, वर्ष-वर्ष चालायची आणि माणूस अर्धा व्हायचा. मला साधी मळमळसुद्धा झाली नाही. बारा आठवड्यांच्या चौऱ्याऐंशी गोळ्या. म्हणजे चौऱ्याऐंशीचा फेराच, पण लाख वगळून! यातलं सोफॉस्बुविर २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत पहिल्यांदा आलं तेव्हा एका गोळीला हजार डॉलर पडायचे. मला सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळालं. दिवाणजी असल्यामुळे मी रोज गोळी गिळताना हजार डॉलर जमेच्या बाजूला मांडत होतो. कोर्स संपल्यावर आणखी बारा आठवड्यांनी तपासणी झाली, विषाणू नाही. पेढे वाटले.

आणि चार-पाच महिन्यांत तोंड लाल व्हायला लागलं.

आधी वाटलं, पाहुणा परत आला. पोटाच्या डॉक्टरांनी परत तपासणी केली, तो नव्हता. "लिव्हरचं खातं बंद झालंय. हे वेगळं आहे, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा," ते म्हणाले. मी दाखवलं नाही. मेडिकलमधल्या पोराला दाखवलं.

भाचीचं लग्न आठ दिवसांवर होतं. त्या पोराने कपाटातून बोटाएवढी ट्यूब काढली. "ही लावा काका, लग्नात नवरदेवापेक्षा भारी दिसशीला." आणि दिसलो! पाचव्या दिवशी तोंड असं तुकतुकीत झालं की बायकोने संशयाने बघितलं. लग्नाचे फोटो आहेत, खोटं नाही. ट्यूब संपली आणि चौथ्या दिवशी लाली दुप्पट होऊन परतली, सोबत पुटकुळ्यांचं वऱ्हाड घेऊन. दुसरी ट्यूब आणली, उतरली. सोडली, चढली. असल्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं आणि ते महिनोन् महिने तोंडाला चोळलं की हाच आजार नव्याने तयार होतो, हे मला फार उशिरा कळलं. आयुष्यभर सावकारीचे हिशेब लिहिलेल्या माणसाला निदान धंद्याची रीत तरी ओळखता यायला हवी होती. मुद्दल तसंच, व्याज गालावर.

यानंतर सुरू झाला झाडपाला.

माणसाचं पोट दुखलं तर लोक विचारून औषध सांगतात, तोंड दुखणाईत असलं तर न विचारता. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कोरफडीची अख्खी कुंडी आणून दिली. मेहुणीने गुळवेलीचा काढा बाटलीत भरून पाठवला, रोज अर्धा कप अनशापोटी. जिन्यात भेटलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी लिंबू चोळायला सांगितलं. ते मी केलं आणि दोन तास पंख्याखाली तोंड धरून बसलो. गंमत अशी की गावभागातले खरे वैद्य, पदवीवाले, नाडी बघून म्हणाले, "मंजिष्ठा, सारिवा देता येईल, पण तुमच्या लिव्हरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी पुडी बांधणार नाही." सबंध सांगलीत एवढाच एक माणूस निघाला ज्याला औषध येत होतं आणि ज्याने ते दिलं नाही.

पण सांगलीत राहून हळदीला बगल कशी देणार? इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. आत्या म्हणाली, "घरात सोनं आणि गावात भीक मागतोस व्हय रं?" शनिवारी सकाळी तिने स्वतःच्या हाताने लेप कालवला. हळद, बेसन, साय. तोंडभर थापला आणि म्हणाली, वाळेपर्यंत बोलायचं नाही.

लाल तोंडावर पिवळा लेप दिला की रंग कोणता होतो हे मी आरशात बघितलं नव्हतं. दार वाजलं. मी उघडलं. समोर खालच्या घरातल्या आजी होत्या, हातात तेलाची वाटी आणि रुईच्या पानांची माळ, मारुतीला निघालेल्या. त्यांना दिसतं कमी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चपला काढल्या आणि डोळे मिटून हात जोडले. मला बोलायचं नव्हतं. मी आपला तसाच उभा. आजींनी पुटपुटून काहीतरी मागितलंसुद्धा. काय ते ऐकू आलं नाही, पण पुढच्या महिन्यात त्यांच्या नातवाला नोकरी लागली.

त्या गेल्यावर मी बेसिनकडे पळालो आणि हाताला लागला तो कपड्याचा साबण घेऊन तोंड खसाखसा घासलं. साबणात सोडा असतो. हळदीला सोडा लागला की काय होतं? बुवाची परात आठवली तोपर्यंत उशीर झाला होता. ओढ्या-नाल्यांसकट सगळं तोंड कुंकवाचं झालं होतं, आणि आग अशी की डोळ्यांतून पाणी.

तशा अवतारात पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. ते तोंडाबद्दल काहीच बोलले नाहीत, त्यांचं लक्ष माझ्या पिशवीतल्या बाटलीकडे. "हे काय?" म्हटलं, गुळवेल. त्यांनी चष्मा काढला. करोनाच्या काळात लोकांनी गुळवेल ढोसली, त्यातल्या काहींची यकृतं सुजली, मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली ते छापलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. तो वाद त्यांचा चालू दे. "पण चौऱ्याऐंशी गोळ्या घालून मी जे वाचवलंय," ते म्हणाले, "त्यावर तुम्ही मेहुणीचा प्रयोग करणार? कुणीही काहीही दिलं, पुडी, काढा, चूर्ण, तर पहिल्यांदा मला फोन." काढा मी घरी येऊन कढीपत्त्याला घातला. मेहुणी दर आठवड्याला विचारते, गुण येतोय का? मी कढीपत्त्याकडे बघून हो म्हणतो. चांगलाच फोफावलाय.

शेवटी त्वचेच्या डॉक्टर. बाई तरुण, बोलायला एक घाव दोन तुकडे. भिंग लावून बघितलं आणि म्हणाल्या, "रोझेशिया." मुळासकट जात नाही, आटोक्यात राहतो. ऊन, गरम पेय, तिखट, दारू, राग, कढत पाण्याची आंघोळ, सगळ्याने भडकतो. आणि सगळ्यांच्याच तोंडावर डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, ते या आजारात जास्त असतात. मी खुर्चीत मागं सरकलो. "असू देत हो," त्या म्हणाल्या, "माझ्याही तोंडावर आहेत."

मलम दिलं आयव्हरमेक्टिनचं, रात्री वाटाण्याएवढं. दुसऱ्या दिवशी शिवाप्पाने नाव विचारलं. सांगितलं तर तो मांडीवर थाप मारून हसला. "आवो, ही तर आमच्या शेळ्यांस्नी जंतावर टोचत्यात!"

ते खरंच आहे. पण हिशेब करा. जपानमधल्या मातीतल्या एका जिवाणूपासून हे औषध निघालं, आणि त्यासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. हिपॅटायटिस सीचा विषाणू शोधल्याबद्दल आल्टर, हॉटन आणि राइस यांना २०२० साली मिळालं. म्हणजे माझ्या एका देहावर दोन नोबेल खर्ची पडलेत. एवढं भांडवल गुंतवूनही यार्डात माझी पत काय, तर 'भारीतली घेतो'.

मलमाने गुण आला, सावकाश, तीन महिन्यांत पुटकुळ्या गेल्या. खरा छळ पथ्याचा. ऊन नको, पण हळदीचे सौदे भर उन्हाळ्यात. भडंग चालेल, पण त्यातली मिरची-लसूण काढून. मग उरतात ते चुरमुरे. रागावायचं नाही, आणि पेढीवर गिऱ्हाईक शेजारी जाताना बघायचं! एकदा वाटलं, हरिपूरच्या हळदीच्या पेवात जाऊन राहावं. जमिनीखाली गारवा, अंधार. हळद तिथं वर्षानुवर्षं किडत नाही, मीही टिकलो असतो. सनस्क्रीन लावलं तर तोंड पांढरंफटक होतं. १८४३ साली पहिलं मराठी नाटक सांगलीत झालं, तेव्हा रंगवलेल्या तोंडांची गावाला सवय असायला हवी, पण नाही. मालकांनी विचारलं, "आज कुठं प्रयोग?"

चहाचं तर विचारूच नका. बाई म्हणाल्या, चहा चालेल, गरम नको. गार झालेला दुधाचा चहा, त्यावरची साय, मला घोटवत नाही. म्हणून कोरा घ्यायला लागलो. काचेच्या ग्लासात, पूर्ण गार करून, थोडा थोडा. आता तुम्हीच डोळ्यांपुढं आणा: लाल नाकाचा माणूस, हातात ग्लास, त्यात तांबूस पिवळं काहीतरी, आणि तो ते शेंगदाण्यांबरोबर सावकाश पितोय. शिवाप्पाने त्या दिवसापासून मला समोर बसून विचारणंही सोडलं. आता तो नुसता आदराने बघतो.

माझे साडू बाळासाहेब मात्र रोज नेमाने घेतात. वीस वर्षं झाली, खाडा नाही. त्यांचं तोंड तेल लावलेल्या केळ्यासारखं नितळ. घरातल्या लग्नकार्यात बायका त्यांना पहिल्या पंगतीला वाढतात आणि माझ्याकडे बघून चुकचुकतात. त्यांनीच एकदा मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. "दाजी, वहिनींकडं बघून तरी कमी करा."

गेल्या ३१ डिसेंबरला त्यांच्या मळ्यावर जेवण होतं. परतताना त्यांना चालवता येण्यासारखं नव्हतं, म्हणून गाडी मी घेतली. मागच्या सीटवर ते आडवे. थंडीचा वारा काचेतून तोंडावर, त्यामुळे नाक पेटलेलं. सांगली-मिरज रस्त्याला नाकाबंदी होती. हवालदाराने बॅटरी माझ्या तोंडावर मारली आणि ती तिथंच धरून ठेवली.

"किती घेतलीया काका?"

"घेत नाही."

"व्हय, व्हय. फुंका."

फुंकलं. शून्य. त्याने मशीन झटकलं, दुसरी नळी लावली. शून्य. पलीकडच्या तरुण शिपायाला बोलावलं. दोघं मशीनकडे बघायचे, मग माझ्या नाकाकडे, मग परत मशीनकडे. एवढ्यात मागून बाळासाहेब उठून बसले, दोन सीटांच्या मधून डोकं काढलं आणि हात वर करून माझी बाजू मांडली.

"सायेब, दाजी घेत न्हाईत. त्यांना रोझेशिया हाय."

हवालदाराने मान डोलावली आणि शिपायाकडे वळून म्हणाला, "बघ. नवीन निघालीया. मशीनमधी येत न्हाई." मग खिडकीत वाकला आणि आवाज खाली आणून मला विचारलं,

"कुठं मिळती ओ काका?"