बिबट्याची अनुसूची आणि आयडाहोचा अर्धा दाखला

जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात बिबट्याचे हल्ले वाढल्यापासून त्याला वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीतून दुसरीत टाकावे, ही मागणी जोर धरून आहे. तिच्या समर्थनार्थ अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या लांडग्यांचे उदाहरण हमखास निघते: अमेरिकेने लांडग्याचे संरक्षण काढले, मग आपणच का अडून बसायचे? मी आयडाहोतच, बॉयसीत राहतो. दाखला खोटा नाही, पण अर्धाच आहे.

इथल्या 1973 च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यानुसार एखादा प्राणी यादीत घ्यायचा किंवा वगळायचा, तर केंद्रीय वन्यजीव खात्याला प्रस्ताव राजपत्रात छापून हरकती मागवाव्या लागतात आणि निर्णय केवळ शास्त्रीय माहितीवर घ्यावा लागतो. कोणाचे किती आर्थिक नुकसान होते, हे तिथे विचारात घेता येत नाही. लांडग्याला वगळण्याचा 2009 चा निर्णय न्यायालयाने पुढच्याच वर्षी रद्द केला. त्यावर एप्रिल 2011 मध्ये अमेरिकी काँग्रेसने सरकारी खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवले, की तोच निर्णय पुन्हा जारी व्हावा आणि त्याला न्यायालयात आव्हान देता येऊ नये. खर्चाचे विधेयक पाडण्याची कोणाची छाती होणार? पुढे अधिकार राज्याकडे आला आणि 2021 मध्ये आयडाहोच्या विधिमंडळाने एका शिकाऱ्याने किती लांडगे मारावेत यावरची मर्यादाच उठवली. मेंढपाळांचे गाऱ्हाणे खरे होते, परंतु ज्या वाटेने ते सोडवले गेले त्या वाटेवर त्याची तपासणी कोणी केली नाही.

आपल्याकडे 2021 च्या डिसेंबरात लोकसभेत मांडलेले वन्यजीव अधिनियमाचे दुरुस्ती विधेयक जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीकडे गेले, तिने अनुसूचींतल्या उणिवा दाखवल्या, आणि लोकसभा व राज्यसभा यांची मंजुरी मिळून ते पुरे व्हायला 2022 चा डिसेंबर उजाडला. सहाच्या चार अनुसूची झाल्या. वर्षभर चाळणीतून गेलेल्या या अनुसूचींतली नोंद मात्र केंद्र सरकारला कलम 61 खाली नुसत्या अधिसूचनेने हलवता येते. तसे करणे इष्ट वाटले की पुरे, आधी हरकती मागवण्याचे बंधन त्या कलमात नाही.

हलवून काय साधेल, तेही कलम 11 उघडून पाहावे. माणसाच्या जिवावर उठलेला आणि पकडणे, बेशुद्ध करणे वा हलवणे शक्य नसलेला पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक आजही देऊ शकतात. दुसऱ्या अनुसूचीत गेल्यावर मालमत्तेचा, अगदी उभ्या पिकाचा धोकाही पुरेसा ठरतो आणि परवानगी खालचा प्राधिकृत अधिकारीही देऊ शकतो. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणाऱ्या शिरूरच्या बायकांचे फोटो मीही पाहिले आहेत, आणि इतक्या लांब बसून त्यांना सहजीवनाचे धडे देण्याचा मला अधिकार नाही. पण त्यांना हवे आहेत दिवसा वीज, वेळेवर पिंजरे आणि तातडीची भरपाई, आणि यांपैकी एकही गोष्ट अनुसूची बदलल्याने मिळत नाही. तरीही बदल करायचाच असेल, तर अधिसूचनेचा मसुदा मराठीत ग्रामपंचायतींच्या फलकावर लावून त्यावर साठ दिवस हरकती घ्याव्यात आणि बिबट्यांच्या मोजणीची आकडेवारी त्याच मसुद्याला जोडावी.