हाताने निवडलेली रायफल

हाताने निवडून देण्याचे वीस डॉलर मी वेगळे मोजले होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात आता या विषयावर बोलायची सोय राहिलेली नाही. विक्रेत्याच्या जाहिरातीत 'हँड सिलेक्ट' असा पर्याय होता. जास्तीचे पैसे भरा, गोदामातला माणूस ढिगातून त्यातल्या त्यात चांगला नग काढून पाठवील. डीलरकडून खोकं आणून गॅरेजमध्ये उघडलं, तर आत रायफल असावी असा नुसता अंदाज करता येत होता. दिसत होतं ते काकवीच्या रंगाचं चिकट ग्रीस. गोळी आत सारणाऱ्या बोल्टवर ग्रीस, नळीत ग्रीस, दस्त्याच्या लाकडात मुरलेलं ग्रीस, पट्टा ओवायच्या खाचेतसुद्धा ग्रीस. त्या माणसाने काय बघून निवडली असेल? वजन?

रायफल रशियन, मोसिन-नागांट. झारच्या सैन्याने 1891 साली घेतलेली, 1930 साली सुधारलेली. माझ्या नगावर इझेव्हस्कच्या कारखान्याचा शिक्का आणि 1942 हे साल आहे, म्हणजे स्टालिनग्राडच्या लढाईचं. अर्थात हे मागाहून कळलं, कारण शिक्काही ग्रीसखालीच होता. महायुद्धानंतर सोव्हिएत लोकांनी अशा लाखो रायफली दुरुस्त केल्या, ग्रीसमध्ये बुडवल्या आणि पुढच्या युद्धासाठी कोठारात रचून ठेवल्या. ते युद्ध काही झालं नाही. ग्रीस तेवढं माझ्या वाट्याला आलं.

आणि आलं तेही केव्हा! अमेरिकेत एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असताना बंदूक विकत घेता येत नाही. शिकारीचा परवाना काढला तर पळवाट आहे, पण ज्याला झुरळ मारवत नाही त्याने शिकारीचा परवाना कोणत्या तोंडाने मागायचा? मी ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा होतो तेव्हा हीच रायफल शंभर-सव्वाशे डॉलरला पिंपातून काढून विकत होते. माझ्याच कंपनीत, माझ्याच हुद्द्यावरच्या पोलिश सहकाऱ्याने मजा म्हणून दोन घेतल्या. त्याची रांग आखूड, आमची भारतीयांची लांब. मधल्या काळात रशियावर निर्बंध आले, आवक आटली, आणि माझा नंबर लागेस्तोवर भाव चारशेच्या पुढे गेला. यावर हसू येतं असं मी म्हणतो खरा, पण येत नाही.

असो. मुद्दा सासऱ्यांचा आहे.

सासरे साताऱ्याचे, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. डॅलसला येऊन महिना झाला होता आणि त्यांच्या हाताला काम नव्हतं. मी गॅरेजमध्ये वर्तमानपत्रं अंथरली, ग्रीस विरघळवणाऱ्या मिनरल स्पिरिटचा डबा उघडला, एवढ्यात ते दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"जावईबापू, हे ग्रीस काढताय का भरताय?"

"काढतोय, बाबा."

"ग्रीस काढायचं नसतं. भरायचं असतं." चौतीस वर्षांची नोकरी त्या वाक्यात होती.

मग त्यांनी बोट बुडवून वास घेतला. "कसली चरबी ही?"

"चरबी नाही. पेट्रोलियमचं असतं."

"रशियात पेट्रोल कमी न्हाई, ते ठीक. पण कशावरनं? अठराशे सत्तावन्नला बराकपूरला पण सायेब हेच म्हणला असंल. आमचं शिपाई म्हणलं, गाईची का डुकराची ते सांग. निस्त्या काडतुसाच्या कागदावर होती, तर एवढा उठाव झाला. तुम्ही कोपरापर्यंत माखून घेतलंय."

"बाबा, ती एनफिल्ड होती. इंग्रजांची."

"बंदूक कुणाची का असंना. चरबी कुणाची, हा प्रश्न हाय."

सासूबाईंना हे ऐकू गेलं. त्यानंतर मला स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. बोल्टचे भाग उकळत्या पाण्यात टाकले की ग्रीस वितळून वर तरंगतं, म्हणून मी पातेलं मागितलं. आतून डाळीचं पीठ आलं.

सासऱ्यांचं म्हणणं एकच, रॉकेल आणा. हार्डवेअरच्या दुकानात रॉकेलचे डबे उघड्यावर मांडलेले बघून ते थबकले. "कार्डावर किती देतात?" कार्ड लागत नाही म्हटल्यावर त्यांचा अमेरिकेबद्दलचा आदर एकदम वाढला. इतकी वर्षं मी इथे नोकरी करतोय, घर घेतलंय, त्याने वाढला नव्हता.

त्यानंतर काम माझ्या हातातून गेलं. मी चिंधी धरायची, ते पुसणार. निघालेलं ग्रीस ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवत होते. "इंपोर्टेड माल हाय." गॅरेजच्या दाराची चाकं, शेजाऱ्याच्या फाटकाची बिजागरी, नातीची सायकल, सगळीकडे स्टालिनचं ग्रीस लागलं. गोळी बसते त्या चेंबरमध्ये राहिलेल्या थराने बोल्ट अडकतो, तो थर ड्रिलला पितळी ब्रश लावून काढावा लागतो, हे मी वाचून ठेवलं होतं. ते त्यांनी न वाचता केलं, वर मला विचारलं, "इंजिनिअर ना तुम्ही?"

संगणकाचा, बाबा. किती वेळा सांगायचं?

लाकडाचं मात्र मी सांगत होतो. दस्त्यात मुरलेलं ग्रीस पुसून जात नाही, ऊन द्यावं लागतं. काळ्या पिशवीत गुंडाळून टेक्सासच्या उन्हात गाडीत ठेवायचं, घाम फुटला की पुसायचं, पुन्हा ठेवायचं. यांना धीर नाही. खंडेनवमी तोंडावर आली होती आणि वर्कशॉपात पान्यांची पूजा व्हायची तशी इथे रायफलची झालीच पाहिजे, असा हट्ट. आमच्या ओळखीची सगळी मराठी मंडळी जेवायला. पाटावर बायकोचं ठेवणीतलं रेशमी वस्त्र, त्यावर रायफल, झेंडूची माळ, दोन्ही बाजूंना समया. आरती रंगात आली आणि समयांच्या उबेने दस्त्यातून तेल पाझरायला लागलं. आधी एक थेंब, मग कुंकवासकट ओघळ, थेट रेशमावर.

एका काकूंनी हात जोडले.

"जावईबापूंनी पुसलीय," सासरे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आता नवखा माणूस म्हटल्यावर ऱ्हाणारच."

मी विक्रेत्याला निवडणावळीचे वीस डॉलर परत मागणारी ईमेल केली आहे. उत्तर आलं की रायफल जुनी आहे, थोडंफार तेल असणारच. 'थोडंफार'. वस्त्राचं बिल बायकोने माझ्या नावावर टाकलं आहे. आणि सासरे रोज सकाळी साताऱ्याला फोन लावून मित्रांना सांगतात, "जावयानं बंदूक घेतलीय, रशियन. न्हाई, उडवली न्हाई अजून. पुसतोय."