बैल कुठं निघाल्यात?

डॅलसला आमच्याकडे पाहुणे आले की तिसऱ्या दिवशी बैल दाखवावे लागतात. पहिला दिवस झोपेत जातो, दुसरा दुकानांत. तिसऱ्या दिवशी पाहुणा आंघोळ करून, भांग पाडून सोफ्यावर ताठ बसतो आणि काही न बोलता नुसता आपल्याकडे बघतो. मग मी गाडीची किल्ली उचलतो.

डाउनटाउनमध्ये पायोनियर प्लाझा नावाची बाग आहे. तिकीट नाही. टेकडावरून ब्राँझचे 49 बैल उतरतायत, तीन घोडेस्वार त्यांना हाकतायत, खाली ओढा. रॉबर्ट समर्स नावाच्या शिल्पकाराचं हे काम, 1990 च्या दशकातलं. बैल असे की खरा बैल शेजारी उभा केला तर वासरू वाटावा. त्या वेळी डॅलसच्याच काही कलाकारांनी ‘हा आपल्या शहराचा इतिहास नाही’ म्हणून कोर्टात धाव घेतली होती, पण कळप काही हटला नाही.

पाहुण्यांना हे सगळं मी पाठ केल्यासारखं सांगतो. अडचण एकाच प्रश्नाची असते, आणि तो प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतोच: हे बैल चाललेत कुठे?

यंदा आटपाडीकडचे मामा-मामी आले. मामांची हयात खिलार बैलांत गेली, आणि मामींच्या गळ्यात तुळशीची माळ. म्हणजे माझी दोन्हीकडून कोंडी. ऊन उतरावं म्हणून संध्याकाळी सातला नेलं. पण टेक्सासच्या जुलैत संध्याकाळी सातला ऊन उतरत नाही, ते फक्त बाजू बदलतं. पार्किंगच्या यंत्राने माझं कार्ड दोनदा थुंकलं, तिसऱ्यांदा गिळलं आणि तासाचे पैसे घेऊन अर्ध्या तासाची पावती दिली. शेजारी जुनं कब्रस्तान आहे. मामींनी ते आधी बघितलं. “तिन्हीसांजेला कुठं आणलंस रे बाबा?” म्हणत त्या पदर डोक्यावर घेऊन बाकावर बसल्या.

मामा मात्र थेट कळपात शिरले. आधी वाकून मागून खात्री करून घेतली. “बैलच हाय. वळू न्हाय.” मग पुढून. “वशिंड न्हाय रं ह्याला! जू कुठं अडकवायचं?” मी म्हटलं, हे औताचे नाहीत मामा. ते शिंगांकडे वळले. लाँगहॉर्न ही जातच तशी, शिंगं दोन्ही अंगांना आडवी पसरलेली. मामांनी हात फाकवून माप घेतलं. “गोठ्याच्या दारातनं आत कसं घ्यायचं?”

“ह्यांना गोठाच नव्हता. उघड्यावरच असायचे.”

“कुणी सांभाळायचं?”

मग मी इतिहासाच्या आडोशाला गेलो. 1866 च्या सुमारास टेक्सासमध्ये गुरं उदंड आणि भाव मातीमोल, उत्तरेत मात्र दसपट. म्हणून शॉनी ट्रेल नावाच्या वाटेने, डॅलसवरूनच, हजारो गुरं मिझुरीतल्या रेल्वेपर्यंत हाकत न्यायचे. वाटेत तिथले शेतकरी बंदुका घेऊन आडवे. कारण हा कळप गेला की मागे त्यांची गुरं पटापट मरायची, आणि टेक्सासची गुरं मात्र ठणठणीत.

“गोचीडताप,” मामा म्हणाले.

मी बघतच राहिलो. गोचीड हेच कारण, हे सिद्ध करायला इथल्या शास्त्रज्ञांना 1893 साल उजाडलं होतं.

“आपल्या अंगावरची गोचीड आपल्याला पचती, दुसऱ्याला न्हाय,” असं म्हणून मामांनी दात बघायला बैलाच्या जबड्याला हात घातला. दिवसभर तापलेलं ब्राँझ ते. मामांनी हाक मारली ती थेट विठ्ठलाला. मामी बाकावरून धावत आल्या, आणि आल्या आल्या त्यांनीच विचारलं, “पर ही निघाल्यात कुठं?”

“बाजाराला,” मी म्हटलं.

“कुठल्या?”

“उत्तरेच्या.”

“अन् तितनं?”

“आगगाडीत बसायचे.”

“बैल? आगगाडीत? आन् उतरायचे कुठं?”

शिकागो, असं मी पुटपुटलो. मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना कळलं. खरसुंडीच्या बाजारात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कळणारच. “देवाच्या जत्रंला गं,” ते मामींना म्हणाले. मामींनी जवळच्या बैलाला लांबूनच हात जोडले. इतकी वर्षं मी शोधत असलेलं उत्तर मामांनी एका दमात देऊन टाकलं.

पावतीची सात मिनिटं उरलेली. तेवढ्यात मामांनी गावाकडे व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाटेचे साडेपाच, धाकटे मामा धारेला बसलेले. चरवीत धारांचा आवाज चालू, आणि स्क्रीनवर म्हशीची कास.

“दात बघितलं का?”

“तोंड उघडंना.”

“किती हाईत?”

मामांनी टेकडाकडे पुन्हा एकदा नजर फिरवली. “चोवीस जोड्या आन् एक सुट्टा.”

“सुट्टा कितीला म्हणतोय, इचार की!”

मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझी दोन बोटं दाबली. दोन हजार, वीस हजार की दोन लाख, मला काही उमजेना. पलीकडे पार्किंगवाल्यांची छोटी गाडी दिवा फिरवत वळताना दिसत होती. मी घाईने मान हलवली.

“न्हाय म्हणतोय,” मामा फोनमध्ये म्हणाले आणि त्यांनी माझं तिसरं बोट धरलं.